पांढऱ्या चौकटीचा हिशेब: स्वस्त यूपीव्हीसी खिडकीचा इतिहास

१९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींमध्ये लाकूड वापरण्यावर बंदी घातली आणि २०२० साली ती मागे घेतली. या दोन निर्णयांमधील सत्तावीस वर्षांत भारतीय घराची खिडकी इतकी पालटली, की बंदी उठल्याची बातमी आली तेव्हा शहरी वाचकाला तिचे फारसे काही वाटले नाही. सागवानी चौकट, तिला घासणारा आणि रंधा मारणारा सुतार, पावसाळ्यात फुगून अडणारी झडप हे सारे तोवर आठवणीत जमा झाले होते. त्या जागी आधी लोखंडी पट्ट्यांच्या खिडक्या स्थिरावल्या, मग सरकत्या ॲल्युमिनियमच्या आल्या आणि नव्या शतकात गुळगुळीत, पांढरीशुभ्र, रंग न मागणारी यूपीव्हीसीची खिडकी आली. वाळवी लागत नाही, गंजत नाही, आवाज अडवते, वीज वाचवते, ही तिची ओळख. ओळखीतील प्रत्येक शब्द चांगल्या प्रतीच्या खिडकीबाबत बव्हंशी खरा आहे. तोच शब्द तिच्या स्वस्त नकलेबाबत कितपत खरा, याचा शोध घ्यायचा तर रसायनशास्त्राच्या इतिहासात जावे लागते, कारण या पदार्थाची दुखणी त्याच्या जन्माइतकीच जुनी आहेत.

१८३५ च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी व्हिक्तोर रेन्यो यांनी व्हायनिल क्लोराइड हा वायू तयार केला. १८७२ साली जर्मनीत ऑयगेन बाउमन यांनी बंद काचनळीत भरलेला हा वायू उन्हात ठेवला आणि नळीत पांढरा घन पदार्थ जमलेला पाहिला. तेच आजचे पॉलिव्हायनिल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी. बाउमन यांना त्याचा काही उपयोग दिसला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. तो पदार्थ तापवून मऊ करू जावे तर वितळण्याआधीच विघटन पावू लागे आणि झोंबरा आम्लवायू सोडी. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रिट्झ क्लाटे यांनी ॲसिटिलीन आणि हायड्रोजन क्लोराइड यांपासून व्हायनिल क्लोराइड बनवून त्याच्या बहुवारिकाचे पेटंट घेतले. दिव्यांसाठी लागणारे ॲसिटिलीन विजेच्या प्रसारामुळे पडून राहू लागले होते, त्याचे करायचे काय हा त्यामागचा व्यावहारिक प्रश्न होता. पेटंटाचा उपयोग कोणी केला नाही आणि ते टिकवलेही गेले नाही. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सीमन यांनी योग्य द्रावक मिसळून पीव्हीसीला लवचीक केले आणि मग रेनकोट, तारांची वेष्टने, जमिनीवरची आच्छादने अशी त्याची गाडी सुरू झाली.

लवचीक करणारे द्रव्य न मिसळता कठीण ठेवलेले पीव्हीसी म्हणजे यूपीव्हीसी. त्यातील ‘यू’ हे अक्षर त्या नकाराचेच आहे. अमेरिकेत खिडकीच्या बाबतीत याच पदार्थाला नुसते ‘व्हायनिल’ म्हणतात. जर्मनीत त्याच्या नळ्या १९३० च्या दशकातच निघू लागल्या होत्या. खिडकी मात्र युद्धानंतरची. जर्मनीतील ट्रॉइसडॉर्फ येथे १९५० च्या दशकाच्या मध्यास पीव्हीसीची पहिली खिडकी घडली. उद्ध्वस्त शहरे उभारण्याचे काम जोरात होते आणि सुक्या, चांगल्या लाकडाचा तुटवडा होता. तरीही पहिली दोन दशके या खिडकीचा प्रसार संथच राहिला. १९७३ च्या तेलसंकटाने ती दारोदार पोहोचवली. इंधन महागताच थंड देशांतील घरमालकाला भिंतीतून निसटणारी उष्णता दिसू लागली. ॲल्युमिनियमच्या तुलनेत पीव्हीसी उष्णतेचे वहन सुमारे एक हजारांशाने करते, आणि दुहेरी काच धरून ठेवण्यास अशी चौकट फार सोयीची. पोकळ नळीत आडव्या-उभ्या भिंती घालून हवेचे कप्पे करण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. ही खिडकी थंड हवामानाच्या गरजेतून वाढली, हे पुढच्या साऱ्या हकिकतीत ध्यानात ठेवणे बरे.

भारतात पीव्हीसीचे कारखाने १९६० च्या दशकात मुंबई, कोटा आणि तमिळनाडूतील मेट्टूर येथे उभे राहिले. कोट्याचा कारखाना क्लाटे यांच्याच वाटेने, म्हणजे कॅल्शियम कार्बाइड आणि ॲसिटिलीन यांतून पीव्हीसी काढी. हा माल नळ्या, तारा आणि चपलांमध्ये जाई. खिडकीचा विचारही नव्हता. तो यायला जंगलाचे कारण घडले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. १९९० साली स्थापन झालेल्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेच्या कामात लाकडाऐवजी इतर द्रव्यांच्या दारे-खिडक्यांना स्थान मिळाले. १९९३ ची बंदी वर सांगितलीच आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने वनक्षेत्रातील वृक्षतोडीवर देशभर कडक लगाम घातला. चार पायऱ्यांनी सागवान सामान्य घरबांधणीतून हटले, आणि जंगलाच्या दृष्टीने ते योग्यही होते. फक्त एक गोष्ट राहून गेली. लाकूड नको हे नीट सांगितले गेले, पण त्याच्या जागी येणाऱ्या द्रव्याची कसोटी काय असावी हे सांगणारे भारतीय मानक पुढे कित्येक वर्षे नव्हते. यूपीव्हीसी खिडकीच्या प्रोफाइलसाठी भारतीय मानक ब्युरोचे स्वतंत्र मानक या दशकात येईपर्यंत उत्पादक युरोपीय मानकांचा हवाला देत, आणि ज्यांना द्यायचा नसेल ते देत नसत.

आता चौकटीच्या पोटात शिरले पाहिजे. खिडकीची नळी शुद्ध पीव्हीसीची कधीच नसते. वजनाने जवळजवळ ५७ टक्के क्लोरीन असलेल्या या रेणूला ऊन आणि उष्णता लागली, की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागते. एक रेणू सुटला की शेजारचा सैल होतो, जणू कपड्याची चेन उसवत जावी. मागे उरतात कार्बनचे एकाआड एक दुहेरी बंध. अशा बंधांची लांब साखळी तयार झाली, की ती निळा प्रकाश शोषू लागते आणि पांढरी चौकट पिवळी दिसते, पुढे तपकिरी. ज्या उन्हाने बाउमनच्या नळीत हा पदार्थ प्रथम घडवला, तेच ऊन त्याचे हाडवैरी आहे. त्यामुळे उत्पादकाला रेझिनमध्ये पुष्कळ काही मिसळावे लागते: आम्लवायू टिपून घेणारे स्थिरीकारक, धक्का सोसण्यासाठी ॲक्रिलिक द्रव्य, यंत्रातून सुरळीत निघावे म्हणून मेण, थोडी चुनखडीची पूड, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. हे पांढरे रंगद्रव्य केवळ शोभेचे नाही. जंबुपार किरण पृष्ठभागावरच अडवून आतील द्रव्य वाचवण्याचे काम ते करते.

स्वस्त खिडकी स्वस्त कशी होते, याचे गुपित या पाककृतीत आहे. टायटॅनियम डायऑक्साइड रेझिनपेक्षा बरेच महाग, आणि चुनखडीची पूड रेझिनपेक्षा फारच स्वस्त. युरोपात शंभर भाग रेझिनमागे सुमारे चार भाग टायटॅनियम डायऑक्साइड पुरते. उष्ण देशांत त्याहून बरेच अधिक लागते. चुनखडी चांगल्या मिश्रणात साधारण पाच ते दहा भाग असते. पहिले प्रमाण खाली आणले आणि दुसरे वर नेले, की नळी तितकीच पांढरी दिसते, तितकीच गुळगुळीत असते, दुकानात हात फिरवून फरक कळत नाही. फरक काही उन्हाळ्यांनंतर कळतो. पृष्ठभागावरील बहुवारिक झिजून पांढरी भुकटी हाताला लागू लागते, कोपरे ठिसूळ होतात, बिजागरीचा स्क्रू पिळला की त्याभोवती केसासारखी चीर पडते. चुनखडीच्या अतिरेकाने कोपऱ्यांची जोडही दुर्बल होते. यूपीव्हीसीच्या चौकटीचे चार कोपरे खिळ्यांनी नव्हे, तापलेल्या पत्र्यावर टोके वितळवून एकमेकांस दाबून जोडलेले असतात. वितळलेल्या द्रव्यात बहुवारिकाऐवजी खडूच फार असेल, तर ती जोड एकजीव कशी होणार?

युरोपीय मानकात हवामानाचे दोन वर्ग आहेत, सौम्य आणि तीव्र. वर्षभरात आडव्या पृष्ठभागावर प्रति चौरस मीटर ५ गिगाज्यूलपेक्षा अधिक सौरऊर्जा पडत असेल किंवा सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमान २२ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर तो प्रदेश तीव्र. ५ गिगाज्यूल म्हणजे दिवसाला सुमारे ३.८ किलोवॅट-तास. भारताच्या बहुतेक भागांत प्रति चौरस मीटर दररोज ४ ते ७ किलोवॅट-तास ऊन पडते. म्हणजे श्रीनगरच्या परिसरासारखे काही अपवाद चर्चेस घेतले तरी नागपूर, जयपूर, चेन्नई, पणजी ही सारी शहरे विनाचर्चा तीव्र वर्गात बसतात. सौम्य हवामानासाठीच्या पाककृतीने काढलेले प्रोफाइल येथे बसवणे ही अर्धी फसवणूक झाली, मग त्यावर कोणत्या देशाचे नाव छापले आहे याला अर्थ नाही.

तापमानाचे आणखी एक गणित आहे आणि ते कोणत्याही विद्यार्थ्याला कागदावर करता येईल. एक अंश तापमान वाढले की पीव्हीसीची लांबी दर मीटरला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियमची ०.०२३, काचेची जवळपास ०.००९. दोन मीटर लांबीची चौकट पहाटे २० अंशांवर आणि दुपारच्या उन्हात ६० अंशांवर असेल, तर तिची वाढ ५.६ मिलिमीटर झाली. ॲल्युमिनियमची चौकट तेवढ्यात १.८ मिलिमीटर वाढली असती आणि आतील काच जेमतेम ०.७. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ चौकट काचेभोवती चार-पाच मिलिमीटर ये-जा करते. चांगल्या खिडकीत या हालचालीची सोय असते. भिंत आणि चौकट यांत मोजून फट ठेवतात, ती लवचीक सीलंटने भरतात आणि काचेभोवती ईपीडीएम रबराची पट्टी असते. स्वस्त कामात चौकट सिमेंटमध्ये घट्ट चिणली जाते आणि पट्टी मऊ पीव्हीसीची असते. त्या पट्टीला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हात उडून गेले की ती आखडते, कोपऱ्यात दोन बोटे जागा उघडी पडते, आणि पहिल्या वळिवात पाणी आत येते. घरमालक ‘काचेतून गळते’ म्हणतो.

गडद रंगाच्या चौकटींची गत याहून वाईट. पांढऱ्यापेक्षा गडद पृष्ठभाग कितीतरी अधिक तापतो, आणि यूपीव्हीसी ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. अमेरिकेत तर वेगळीच तऱ्हा आढळली. उष्णता परावर्तित करणाऱ्या दुहेरी काचा किंचित आत वाकून अंतर्वक्र आरशासारख्या वागल्या आणि त्यांनी शेजारच्या घरांच्या भिंतींवरील पीव्हीसीची आवरणे सुरकुतवून टाकली. लाकडासारखी दिसणारी पातळ फीत चिकटवलेल्या तपकिरी चौकटी आपल्याकडे सागवानाच्या हौसेपोटी खपतात. हौस समजण्यासारखी आहे. पश्चिमेच्या भिंतीवर तिची किंमत मोजावी लागते.

यानंतर वारा. पीव्हीसीचा ताठरपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतका आणि पोलादाच्या जेमतेम ऐंशीव्या-नव्वदाव्या हिश्शाइतका. त्यामुळे मोठ्या खिडकीत नळीच्या पोटी जस्तलेपित पोलादी पट्टी घालावी लागते. खिडकी उभी राहते ती खरे तर या पट्टीच्या जोरावर, आणि ती बाहेरून दिसत नाही. न दिसणारी वस्तू कमी करणे हा काटकसरीचा सर्वांत सोपा मार्ग. कुठे पट्टी पातळ असते, कुठे जस्ताचा लेप नसतो, कुठे उभ्या दांड्यात घालतात आणि आडव्यात विसरतात. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, चेन्नईसाठी ५० आणि बंगळूरसाठी ३३ धरला आहे. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे इतर गुणक बाजूला ठेवले तरी चेन्नईत प्रति चौरस मीटर १५०० न्यूटन, मुंबईत सुमारे ११६० आणि बंगळूरला साडेसहाशे. दीड चौरस मीटरच्या झडपेवर चेन्नईच्या वादळात सव्वादोनशे किलोहून अधिक वजन टेकल्यासारखे होते. बंगळूरच्या दुकानात ठीक वाटलेली खिडकी मरीना किनाऱ्यावर तशीच बसवता येत नाही. किनारपट्टीवर दुसरे संकट आतून येते. पाणी निघून जाण्याची छिद्रे नीट पाडलेली नसतील तर खारट दमट हवा पोकळीत साचते, लेप नसलेले पोलाद गंजून फुगते, आणि ‘कधी न गंजणाऱ्या’ खिडकीच्या तळातून तांबूस ओघळ भिंतीवर उतरतात. कोकण, गोवा आणि मुंबईच्या उपनगरांत हे ओघळ शोधायला लांब जावे लागत नाही.

नळीच्या भिंतीची जाडी हीदेखील अशीच झाकली मूठ आहे. युरोपीय मानकात दिसणाऱ्या बाजूची जाडी वरच्या वर्गासाठी किमान २.८ आणि दुसऱ्या वर्गासाठी २.५ मिलिमीटर आहे. बाजारात त्याहून बरीच पातळ प्रोफाइल मिळतात. ग्राहकाला दर चौरस फुटाच्या हिशेबाने सांगितला जातो. चौरस फुटात लांबी-रुंदी येते, जाडी येत नाही, पोलाद येत नाही, पाककृती तर येतच नाही. कापलेल्या नळीचा तुकडा मागून त्याची जाडी मोजणे आणि मीटरमागे वजन विचारणे एवढे जरी घडले तरी निम्मी गुपिते उघडी पडतात. वजनाचा पुरावा मात्र पुरेसा मानू नये. चुनखडी रेझिनपेक्षा जड असते.

वीज वाचण्याच्या दाव्याकडे येथे थांबून पाहिले पाहिजे, कारण स्वस्त खिडकी सर्वाधिक खपते ती याच शब्दावर. जर्मनीत हिवाळ्यात खोलीतील ऊब बाहेर जाऊ नये, हा प्रश्न होता. तेथे चौकटीतून होणारे वहन महत्त्वाचे. भारताच्या बहुतेक भागांत खोली तापते ती काचेतून थेट आत येणाऱ्या उन्हाने. चौकट कितीही उष्णतारोधक असली, तरी एकेरी साध्या काचेतून उन्हाचा फार मोठा भाग आत येतोच. तो अडवतो छज्जा, बाहेरची जाळी, पडदी, झाड किंवा विशेष काच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी जाहीर केलेल्या इको-निवास संहितेत ही समज स्पष्ट दिसते. थंड प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे सरासरी मान प्रति चौरस मीटर १५ वॅटच्या आत असावे, असे ती सांगते. त्या गणितात छज्ज्याला आणि काचेला मोठे वजन आहे. चौकटीचे द्रव्य हा त्यातील लहानसा घटक.

याच संहितेत आणखी एक कलम आहे आणि स्वस्त खिडकीची सर्वांत मोठी किंमत कदाचित तेथे दडली आहे. उष्ण-दमट प्रदेशात, म्हणजे मुंबई, कोलकाता, चेन्नई, कोचीसारख्या शहरांत, राहत्या घरांच्या चटई क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के इतका भाग उघडता येण्याजोगा असावा, अशी अट आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के, संमिश्र हवामानात १२.५ टक्के. यूपीव्हीसीची सर्वांत स्वस्त खिडकी असते दोन पाटांची सरकती, आणि ती कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. जुन्या सागवानी खिडकीच्या दोन्ही झडपा भिंतीला टेकवून उघडत. वर झरोका असे. म्हणजे त्याच आकाराच्या भोकातून हवा येण्याची जागा निम्मी झाली. मग ती घट्ट बंद करून वातानुकूलन यंत्र लावले जाते, आणि खिडकीने वाचवलेल्या विजेचा हिशेब मांडला जातो. बाहेर उघडणारी यूपीव्हीसी झडपही करता येते, चांगली होते. पण तिला मजबूत बिजागऱ्या, अधिक पोलाद आणि कुशल हात लागतात. स्वस्ताईत ती बसत नाही.

ही झाली घरमालकाची किंमत. दुसरी किंमत ज्यांनी मोजली ते बहुधा ती खिडकी कधी पाहणारही नव्हते. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीने जाहीर केले, की केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील पीव्हीसी कारखान्यातील तीन कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमा या अतिशय दुर्मीळ कर्करोगाने मरण पावले. कारखान्याच्या डॉक्टरांनी, जॉन क्रीच यांनी, हा योगायोग हेरला होता. एवढा विरळा रोग एकाच कारखान्यात तीनदा दिसावा याचे कारण व्हायनिल क्लोराइड वायू होते. त्यानंतर अमेरिकेत कामाच्या जागी या वायूची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत एक भाग इतकी खाली आणली गेली, आणि आज तो मानवी कर्करोगास निश्चित कारण ठरलेल्या द्रव्यांच्या गटात आहे. तयार चौकटीत तो अत्यल्प उरतो, घरात बसलेल्या माणसाने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र वायू बनतो तेथे आणि वाहून नेला जातो तेथे धोका असतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये ओहायो राज्यातील ईस्ट पॅलेस्टाइन येथे घसरलेल्या मालगाडीतील व्हायनिल क्लोराइड जाळून टाकावे लागले, तेव्हा जगाला त्याची आठवण झाली.

भारत आपल्या गरजेच्या अर्ध्याहून अधिक पीव्हीसी आयात करतो, आणि त्यातील मोठा पुरवठादार चीन आहे. चीनमधील बहुतांश पीव्हीसी कोळसा आणि कार्बाइड यांच्या मार्गाने बनते, ज्यात पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरला जातो. २०१३ च्या मिनामाता कराराने या वापराला स्वतंत्र अट घालून २०१० च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्पादनाच्या प्रति एकक प्रमाणात तो निम्म्यावर आणण्यास सांगितले, यावरून त्याची व्याप्ती कळावी. दिल्लीतील बिल्डरच्या दरपत्रकात पाऱ्याचा रकाना नसतो.

शिशाचा मात्र प्रश्न थेट घरापर्यंत येतो. पीव्हीसीला उष्णतेपासून सांभाळणारे सर्वांत स्वस्त आणि प्रभावी स्थिरीकारक शिशाचे क्षार होते. दशकानुदशके खिडक्यांत तेच वापरले गेले. युरोपीय संघातील उद्योगाने स्वतःहून मुदत घालून २०१५ च्या अखेरीस शिसे थांबवले आणि कॅल्शियम-जस्ताचे स्थिरीकारक स्वीकारले. २०२३ साली संघाने पीव्हीसीतील शिशावर कायद्याने निर्बंध आणला. तरीही जुन्या खिडक्या दळून मिळालेले शिसेयुक्त पीव्हीसी नव्या प्रोफाइलच्या गाभ्यात, ताज्या थराखाली बंद करून, मर्यादित काळ वापरण्याची सवलत द्यावी लागली. इतके शिसे आधीच्या पिढीच्या खिडक्यांत साठलेले आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा २०१६ च्या नियमांनी दहा लाखांत ९० भागांवर आणली. पिण्याच्या पाण्याच्या काळजीपोटी पीव्हीसी नळ्या व त्यांच्या जोडण्यांतून शिशाचे स्थिरीकारक हटवण्याचे नियम २०२१ साली आले. त्या नियमांच्या नावातच ‘नळ्या व जोडण्या’ असे आहे. खिडकीचा त्यात समावेश नाही. अखंड चौकटीतून शिसे घरात उडत नाही, हे खरे. पण ऊन-पावसाने पृष्ठभागाची भुकटी होऊ लागली, की त्या भुकटीत काय आहे हा प्रश्न रास्त ठरतो. खिडकीच्या कट्ट्यावर लहान मुले बसतात आणि तोच हात तोंडात जातो. रंगाच्या पापुद्र्याला लावलेली कसोटी चौकटीच्या भुकटीला का लावू नये, याचे उत्तर नियमकर्त्यांनी अजून दिलेले नाही.

दुरुस्तीचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण दुरुस्ती होतच नाही. सागवानी चौकटीचा कुजलेला तळ कापून नवा तुकडा सांधता येई, फुगलेली झडप रंध्याने उतरवता येई, लांबी भरून रंग देता येई. वितळवून एकजीव केलेल्या यूपीव्हीसी चौकटीचा एक कोपरा तडकला तर सारी चौकट जाते. कुलूप, चाक, हात या वस्तू बदलता येतात, पण त्या त्याच मापाच्या मिळाल्या पाहिजेत. लहान फॅब्रिकेटर ज्या प्रोफाइलचा माल घेतो, तो दोन-तीन वर्षांत बदलतो आणि सोबत खाचांची मापेही बदलतात. दहा वर्षांची हमी देणारे दुकान दहा वर्षे टिकेलच असे नाही. हमीच्या कागदावर बहुधा प्रोफाइलच्या रंगाची हमी असते. कोपऱ्याची जोड, पोलाद आणि बसवणी तिच्यात शोधून पाहावीत.

आणि मग ती खिडकी काढून ठेवतात. जर्मनीत खिडकी-उद्योगाने २००२ साली रेविंडो ही व्यवस्था उभारली. जुन्या पीव्हीसी खिडक्या गोळा करायच्या, काच, रबर आणि पोलाद वेगळे काढायचे, उरलेले दळून पुन्हा प्रोफाइलच्या गाभ्यात घालायचे, असे तिचे काम आहे. भारतात प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांचा रोख मुख्यतः वेष्टनांवर आहे. मोडलेली ॲल्युमिनियमची खिडकी भंगारवाला वजनावर भांडून घेतो, लोखंडी तर हातोहात जाते. यूपीव्हीसीच्या चौकटीतील पोलादी पट्टी तो ओढून काढतो आणि चुनखडीने भरलेल्या पांढऱ्या नळ्या मागे टाकतो, कारण अशा ठिसूळ मिश्रणाला चांगला भाव येत नाही. त्या पाडकामाच्या राड्यात जातात किंवा कचऱ्यासोबत पेटवल्या जातात. पीव्हीसी उघड्यावर जळते तेव्हा हायड्रोजन क्लोराइड निघतेच, शिवाय डायऑक्सिनेही तयार होतात. कचरा उघड्यावर जाळणे हा डायऑक्सिनांचा एक उगम म्हणून स्टॉकहोम कराराच्या यादीत नोंदलेला आहे, आणि भारताने त्या कराराला २००६ साली मान्यता दिली.

नव्या शतकाच्या आरंभी बसवलेल्या पहिल्या पिढीच्या भारतीय यूपीव्हीसी खिडक्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. इमारतींच्या पुनर्विकासात त्या मुदतीआधीच निघत आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने २०२० साली लाकडाला पुन्हा दार उघडले, पण तोवर शहरातील सुताराचा रंधा माळ्यावर गेला होता आणि फॅब्रिकेटरच्या आवारात सौम्य हवामानाचे प्रोफाइल उन्हात रचून ठेवलेले होते.